बाबागाड्यांनी अडवलेला रस्ता

न्यूयॉर्कहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारतात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिलात का? आणि ती शंभर मजली इमारत? दोन्ही पाहिल्या, नाही म्हणत नाही. पण लेकीकडे राहिले त्या तीन महिन्यांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली ती एक पांढरी कमान. लेक आणि जावई कामावर गेले की नातवाला बाबागाडीत घालायचे, गुडघ्यापर्यंत पांघरूण खोचायचे आणि वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बागेची वाट धरायची, असा माझा नेम होता.

ही बाग सुमारे दहा एकरांची. प्रसिद्ध फिफ्थ अॅव्हेन्यू जिथे दक्षिणेकडे संपतो, तिथेच बागेच्या तोंडाशी ही कमान उभी आहे. उंची ७७ फूट, दोन खांबांमधली मोकळी जागा ३० फूट. मुंबईच्या माणसाला पाहताक्षणी गेटवेची आठवण व्हावी, आणि ती उगीच नव्हे. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले त्याची आठवण म्हणून बांधलेला आपला गेटवे पुरा झाला १९२४ साली. समारंभ आधी, दगड मागाहून! न्यूयॉर्कची हकीकतही अशीच आहे.

जॉर्ज वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली ती १७८९ च्या ३० एप्रिलला, याच शहरातल्या वॉल स्ट्रीटवर. त्या वेळी न्यूयॉर्क ही राजधानी होती. १८८९ साली शंभर वर्षे भरली तेव्हा मोठी मिरवणूक निघायची होती. बागेजवळ राहणाऱ्या एका श्रीमंत गृहस्थांनी, विल्यम ऱ्हाइनलँडर स्टुअर्ट यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून २,७६५ डॉलर वर्गणी जमवली आणि स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुशिल्पकाराकडून बागेच्या थोडे अलीकडे रस्त्यावर एक कमान उभारून घेतली. लाकडाची आणि प्लॅस्टरची! आपल्याकडे पाहुणे यायचे म्हटले की वेशीवर बांबूची कमान उभी राहते, तशातलाच प्रकार. वर विजेचे दिवेही लावले होते. मिरवणूक आली, गेली. पण ती कमान लोकांच्या मनात अशी भरली की तिचा मांडव मोडवेना.

मग पुन्हा वर्गणी. पादेरेव्स्की या जगप्रसिद्ध पियानोवादकाने तिच्यासाठी एक जलसाही केला. १८९० च्या मे महिन्यात कोनशिला बसली आणि १८९५ च्या ४ मे रोजी संगमरवरी कमान रीतसर लोकार्पण झाली. संगमरवर शहराच्या उत्तरेला असलेल्या टकाहो गावचा.

पाया खणताना मात्र पूर्वेकडच्या खांबाखाली दहा फुटांवर माणसांची हाडे लागली. एक शवपेटी निघाली आणि १८०३ सालची एक थडग्याची शिळा. आश्चर्य वाटायला नको, कारण १७९७ पासून १८२५ पर्यंत ही शहराची बेवारशी दफनभूमी होती. गोरगरीब, परके, पिवळ्या तापाच्या साथीत गेलेले, अशी सुमारे वीस हजार माणसे इथे पुरली गेली आणि बहुतेक अजून तिथेच आहेत. २००९ साली बागेच्या दुरुस्तीत आणखी एक शिळा मिळाली, १७९९ साली अठ्ठाविसाव्या वर्षी वारलेल्या एका आयरिश तरुणाची. हे कळल्यावर पहिले दोन दिवस मी नातवाला हिरवळीवर उतरवले नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच रांगत गेला.

आता एक मौज पाहा. कमान वॉशिंग्टनची, पण तीवर वॉशिंग्टनच नव्हता! उत्तरेकडच्या दोन्ही खांबांवर पुतळ्यांसाठी जागा ठेवली होती, ती वीस वर्षांहून अधिक काळ रिकामीच राहिली. डावीकडे हर्मन मॅकनीलचा सेनापती वॉशिंग्टन १९१६ साली आला, उजवीकडे अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डरचा अध्यक्ष वॉशिंग्टन १९१८ साली. एकाच्या मागे कीर्ती आणि शौर्य उभे आहेत, दुसऱ्याच्या मागे विवेक आणि न्याय. मला विचाराल तर दुसराच अधिक घरचा वाटतो. हवापाण्याने दोघेही झिजले होते. २००४ साली पुरी झालेल्या दुरुस्तीत त्यांना पुन्हा रूप आले. स्टॅनफर्ड व्हाइटला यांतले काहीच पाहायला मिळाले नाही. १९०६ सालीच त्याचा खून झाला होता.

पश्चिमेच्या खांबाच्या पोटात एक गोल जिना आहे. १९१७ च्या जानेवारीत एका रात्री सहा कलावंत मंडळी, त्यांत चित्रकार जॉन स्लोन आणि मार्सेल द्यूशाँ, त्या जिन्याने माथ्यावर गेली. कंदील आणि फुगे लावून त्यांनी ही वस्ती स्वतंत्र प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर केले! आता तो दरवाजा कुलूपबंद असतो. जावईबापूंनी दोनदा हलवून पाहिला.

पण मला सांगायची आहे ती पुढचीच गोष्ट. कमान चालत जाण्यासाठी, असे आपण समजतो. पण हिच्याखालून कित्येक वर्षे मोटारी जात होत्या आणि फिफ्थ अॅव्हेन्यूच्या बसगाड्या बागेतच वळसा घेत होत्या. जिथे नातू रांगत होता, तिथे बस वळत होती! तेवढ्याने भागेना, म्हणून १९५२ च्या सुमारास कमानीखालून सरळ बाग चिरत दक्षिणेकडे जाणारा रुंद रस्ता काढायचे घाटत होते. यामागे होते रॉबर्ट मोझेस. आणि गंमत अशी की तेच शहराच्या बागखात्याचे प्रमुख! पूल, रस्ते, पोहण्याचे तलाव, मुलांची क्रीडांगणे, सारे त्यांनी बांधले, हे खरेच. त्यांना नाही म्हणायची शहरात फारशी कुणाची छाती नव्हती.

नाही म्हटले ते शर्ली हेज या चार मुलग्यांच्या आईने. तिने शेजारणी गोळा केल्या, समिती काढली आणि सह्या जमवायला सुरुवात केली. तिचे म्हणणे सरळ होते: रस्ता अरुंद करून नको, जमिनीखालून नको, बागेत मोटार मुळीच नको. अठ्ठेचाळीस फुटांऐवजी छत्तीस फूट घ्या, खोलगट करू, वर पूल टाकू, अशा तडजोडी पुढे आल्या. भाजी घेताना आपण नाही का करत, चाळीस म्हणाला की तीस? पण या बायांनी घासाघीस केलीच नाही. पुढे जेन जेकब्झ येऊन मिळाली. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर या बागेलगतच राहिलेल्या. त्यांनीही विरोध केला. या रस्त्याला विरोध आहे तरी कुणाचा, नुसत्या आयांचा, असे मोझेस चिडून म्हणाले होते, ही आठवण जेकब्झने पुढे सांगितली आहे.

१९५८ च्या १ नोव्हेंबरला प्रयोग म्हणून मोटारी बंद झाल्या. समारंभाला फीत होती, पण ती कापायची नव्हती. मुलींच्या हातून ती बांधली, रस्ता मिटला म्हणून! आजूबाजूच्या रस्त्यांवर गाड्यांची कोंडी होईल, असा इशारा देण्यात आला होता. मोजदाद झाली, कोंडी झाली नाही. १९५९ साली बंदी कायम झाली आणि पुढे काही वर्षांत बसगाड्याही गेल्या.

परतण्याच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी मारली. कमानीखाली कुणी पियानो आणून वाजवत होता. समोरून एक बाई जुळ्यांची रुंद बाबागाडी ढकलत आली. मधे चांगली तीस फूट जागा. तरी आम्ही दोघीही थांबलो आणि, आधी तुम्ही, नाही, आधी तुम्ही, असे हातांनीच करीत राहिलो. शेवटी नातवाने भोकाड पसरले, तेव्हा तिने हसून मला वाट दिली.