व्हे, क्रिएटिन, प्री-वर्कआउट की फॅट बर्नर? 'स्टॅक' घेण्याआधी हे वाचा

जिम लावून जेमतेम आठवडा झालेला असतो. अंग अजून दुखत असतं. तेवढ्यात यादी हातात पडते: व्हे प्रोटीन, मास गेनर, क्रिएटिन, बीसीएए, प्री-वर्कआउट, फॅट बर्नर. सोबत सल्ला, 'पूर्ण स्टॅक घे भावा, तीन महिन्यांत फरक बघ.' बिल सहज आठ-दहा हजारांवर जातं.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. मास गेनर असतो वजन वाढवायला आणि फॅट बर्नर वजन कमी करायला. मग दोन्ही एकाच माणसाला कशासाठी?

इथेच बहुतेकांचं चुकतं. आपण आधी डबा निवडतो आणि नंतर ध्येय शोधतो. क्रम उलटा हवा. आपल्याला नक्की काय हवंय हे ठरलं, की यादीतली अर्धी नावं आपोआप गळून पडतात. कशी ते बघू.

आधी प्रोटीनचा हिशेब करा

आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार, सर्वसाधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजनं उचलणाऱ्यांची गरज जास्त असते. २०१८ मध्ये ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात असं दिसलं की, दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंना फारसा जास्तीचा फायदा होत नाही.

म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण ११२ ग्रॅम. आता ताटात किती येतं ते मोजू. ४ अंडी २४ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २६ ग्रॅम, दोन वाट्या घट्ट वरण साधारण १२ ग्रॅम, सहा चपात्या साधारण १८ ग्रॅम, मूठभर फुटाणे १० ग्रॅम. बेरीज १०६. म्हणजे काम जवळपास झालंच.

अंडी खात नसाल तर बेरीज ८२ वर येते आणि ३० ग्रॅमची तूट राहते. व्हेच्या एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. एक स्कूप आणि थोडं जास्तीचं दूध घेतलं की तूट भरली. व्हेचं काम एवढंच, ताटात राहिलेली तूट भरून काढणं. ताटातून गरज भागत असेल तर डबा घेऊन वेगळं काही होत नाही.

२०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत आयसीएमआरने तर स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंच सांगितलं आहे. म्हणून हिशेब आधी, खरेदी नंतर.

ध्येय १: स्नायू आणि वजन वाढवायचंय

इथे सगळ्यात जास्त काम करतो तो जास्तीचा आहार. रोज जेवढं खर्च होतं त्यापेक्षा थोडं जास्त खाल्लं नाही, तर कुठलीही पावडर वजन वाढवू शकत नाही.

त्यावर जोड द्यायची असेल तर क्रिएटिन मोनोहायड्रेट. यावर भरपूर संशोधन झालंय. जड वजन उचलताना स्नायूंना झटपट ऊर्जा लागते, ती पुन्हा तयार व्हायला क्रिएटिन मदत करतं. त्यामुळे एखादा-दुसरा रेप जास्त निघतो आणि महिनोन्‌महिने साचत गेलेल्या या जास्तीच्या कामाचा फायदा होतो. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, कुठल्याही वेळी घ्या. सुरुवातीला आठवडाभर रोज २० ग्रॅमचं 'लोडिंग' करतात, पण ते सक्तीचं नाही. त्याने स्नायूंतला साठा लवकर भरतो, इतकंच. रोज ३ ग्रॅम घेतलं तरी तीन-चार आठवड्यांत तो भरतो. क्रिएटिन मांस-माशांतून मिळत असल्याने शाकाहारी लोकांमध्ये हा साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवू शकतो.

मास गेनरच्या डब्यावर मात्र बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक गेनरमध्ये माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखर मुख्य असते, प्रोटीन कमी. दूध, केळी, शेंगदाणे आणि ओट्स मिक्सरमधून काढले तर तेच काम घरात होतं.

ध्येय २: चरबी कमी करायचीय

इथे आहार थोडा कमी करायचा, पण प्रोटीन कमी होऊ द्यायचं नाही, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनं उचलणंही चालूच ठेवायचं. कमी कॅलरीत प्रोटीन मिळतं म्हणून या काळात व्हे सोयीचा पडतो.

फॅट बर्नरमध्ये बहुतेक वेळा मुख्य घटक असतो कॅफिन. त्याचा चरबीवरचा परिणाम अगदी किरकोळ. वर काहींमध्ये ग्रीन टीचा तीव्र अर्क असतो. असा अर्क जास्त प्रमाणात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि 'डीएनपी' नावाचं काही कुणी सुचवलं तर तिथून निघा. ते औद्योगिक रसायन आहे आणि त्याने जगभरात माणसं दगावली आहेत.

ध्येय ३: भरतीची तयारी चाललीय

महाराष्ट्रात कितीतरी मुलं जिममध्ये येतात ती पोलीस भरतीसाठी. मुलांच्या मैदानी चाचणीत १०० मीटर, १६०० मीटर आणि गोळाफेक असते. तिन्ही प्रकार वेगळे, त्यामुळे सप्लिमेंटचा हिशेबही वेगळा.

१०० मीटर आणि गोळाफेक ही काही सेकंदांची कामं आहेत. तिथे क्रिएटिनचा उपयोग होऊ शकतो. पण क्रिएटिनमुळे स्नायूंत पाणी साठतं आणि वजन एक-दोन किलो वाढू शकतं. १६०० मीटर धावताना तेवढं जास्तीचं वजन आपल्यालाच वाहायचं असतं. म्हणून घ्यायचंच असेल तर कित्येक महिने आधी सुरू करा, धावण्याची वेळ नोंदवा आणि मग ठरवा. चाचणी पंधरा दिवसांवर आली असताना नवा डबा उघडू नका.

लांब धावण्यात कॅफिनची मदत होते. पण त्यासाठी महाग प्री-वर्कआउट लागत नाही, तासभर आधी घेतलेली एक कॉफीही चालते. तीही आधी सरावात घेऊन बघा. मैदानावर पहिल्यांदाच घेतली आणि पोट बिघडलं तर वर्षभराची मेहनत गेली.

कशासोबत काय चालतं, काय नाही?

व्हे आणि क्रिएटिन एकत्र घेतलं तरी चालतं. दोघांची कामं वेगळी आहेत.

व्हे आणि बीसीएए दोन्ही घेणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. बीसीएए म्हणजे प्रोटीनमधलीच तीन अमिनो आम्लं. पुरेसं प्रोटीन पोटात जात असेल तर ती मिळालेलीच असतात.

सगळ्यात धोक्याची जोडी म्हणजे प्री-वर्कआउट, फॅट बर्नर आणि वर कॉफी. तिन्हींत कॅफिन. निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं जातं, आयसीएमआरची मर्यादा तर ३०० आहे. काही प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्येच २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. त्यावर कॅप्सूल आणि कॉफी गेली की छाती धडधडणं, हात थरथरणं सुरू. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते, आणि स्नायू भरून येतात ते विश्रांतीतच.

एक साधा नियम: एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा आणि दोन-तीन आठवडे थांबा. चार डबे एकदम उघडले तर फायदा कशाने झाला आणि त्रास कशाने, हे कळणारच नाही.

डब्यात खरंच तेच असतं का?

केरळमधल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट्सची तपासणी केली आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या जवळपास ७० टक्के उत्पादनांत प्रोटीनचं प्रमाण लेबलवरच्या दाव्याशी जुळत नव्हतं. काहींमध्ये तर दाव्याच्या निम्मंच होतं. ५ उत्पादनांत बुरशीपासून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं.

म्हणून घेताना एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि आयात केलेला माल असेल तर आयातदाराचं नाव तपासा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण लपवलेलं असेल तर तो डबा ठेवून द्या.

स्पर्धा खेळत असाल तर जास्तच जपा. उत्तेजक चाचणीचा नियम कडक आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडिएनोन या स्टेरॉइडसाठी पॉझिटिव्ह आला. कुणीतरी कट करून आपल्या पेयात ते मिसळलं, असं त्याचं म्हणणं होतं. क्रीडा लवादाने ते मान्य केलं नाही आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली.

आणि कुणी 'पंप'साठी इंजेक्शन देऊ केलं तर ते सप्लिमेंट नसतं. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठीचं औषध आहे. जिमच्या मुलांना ते बेकायदा विकणाऱ्यांवर पुण्यात पोलिसांनी कारवाया केल्या आहेत.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं?

किडनीचा, हृदयाचा, यकृताचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, रोजची औषधं चालू असतील, वय १८ च्या आत असेल किंवा गरोदर असाल तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. क्रिएटिन घेत असाल आणि रक्त तपासायचं असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं आणि किडनी बिघडली की काय, असा गैरसमज होऊ शकतो.

थोडक्यात, पोटभर जेवण, नियमित व्यायाम आणि सात-आठ तास झोप हा पाया. तूट असेल तर व्हे, जड वजनांसाठी क्रिएटिन, गरजेपुरती कॉफी. बहुतेकांची यादी इथेच संपते. पुढच्या वेळी कुणी पूर्ण स्टॅक सुचवला, तर एकच प्रश्न विचारा: 'यातलं माझ्या ध्येयासाठी नक्की काय लागतं आणि का?' नीट उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे अंडी-दुधावर घाला.