शिवसागराच्या काठची गावे

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले सोयगाव हे आमचे गाव. तेथील मुलांना डोंगर नवा नाही आणि रानही नवे नाही. वाघूर नदीच्या ज्या नालाकृती कड्यात अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत, तो कडा आमच्याच तालुक्यात आहे. परंतु आमचे रान साग, अंजन, धावडा, सालई अशा वृक्षांचे. माघ महिना आला की त्याची पाने पिवळी पडून गळू लागतात आणि चैत्रात सारा डोंगर उघडा दिसतो. वर्षभर हिरवे राहणारे रान असते, हे आमच्या मुलांनी केवळ भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. म्हणून काही वर्षांपूर्वी, माघातच, सातवीच्या मुलांची सहल आम्ही चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर कापून कोयनेच्या खोऱ्यात नेली.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णेला मिळणाऱ्या बहुतेक नद्या सह्याद्री सोडून सरळ पूर्वेकडे धावतात. कोयनेची रीत निराळी आहे. ती सुमारे पासष्ट किलोमीटर सह्याद्रीच्या कुशीतून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. त्या संगमास ‘प्रीतिसंगम’ असे सुंदर नाव आहे. नदीच्या या आडवळणाच्या वाटेमुळे तिचे खोरे लांबट, अरुंद आणि दोन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले झाले आहे.

या खोऱ्यात पाऊस अतोनात पडतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच आपले ओझे रिते करतात. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. तेच वारे पुढे मराठवाड्यात पोहोचतात, तेव्हा त्यांच्यापाशी द्यावयास फारसे उरलेले नसते. आमच्या सोयगावच्या वाट्यास जेमतेम सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस येतो. दोन रानांतील भेदाचे मूळ या एका हिशेबात आहे. आमच्या झाडांना उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. पानांवाटे ते उडून जाऊ नये म्हणून ती पानेच टाकून देतात. कोयनेच्या रानातील झाडांना दाट सावली, पालापाचोळ्याची जाड ओली माती आणि उंचीवरील गारवा लाभतो. ती जुनी पाने एकदम न टाकता हळूहळू बदलतात. म्हणून ते वन सदाहरित दिसते. विषुववृत्तावरील वर्षावनांत पाऊस जवळजवळ बारमाही असतो. आपल्या सह्याद्रीतील हे वन चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने हिरवे राहते, ही त्याची थोरवी होय.

तापोळ्यास आम्ही लाँचमध्ये बसलो. येथे कोयना, सोळशी आणि कांदाटी या तिन्ही खोऱ्यांतील पाणी एकत्र येते. लाँच कांदाटीच्या खोऱ्याकडे वळली, तसा गलबला मागे राहिला. दोन्ही तीरांवर रान पाण्यापर्यंत उतरले होते. जांभूळ, हिरडा, पिसा, आंबा यांची गर्दी दिसत होती. नावाड्याने एका ठेंगण्या, दाट पानांच्या झाडाकडे बोट दाखवून सांगितले, “ही अंजनी.” मुले चकित झाली; कारण आमच्याकडील अंजन हा उंच, पानझडी वृक्ष आहे. नाव जवळपास सारखे, परंतु झाड अगदी वेगळे! उन्हाळ्याच्या आरंभी या अंजनीच्या फांद्यांना बिलगून निळ्याजांभळ्या फुलांचे घोस येतात. याच रानात आपला राज्यप्राणी शेकरू फांद्यांवरून झेपा घेतो. गवे, सांबर, अस्वले आणि बिबटे येथे राहतात. 1985 साली येथे कोयना वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. 2010 साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले आणि 2012 साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला.

लाँच एका लहानशा गावापाशी थांबली. नावाड्याने आम्हांस अर्धा तास दिला. पंधरा-वीस घरे, एक देऊळ, एक शाळा आणि नाचणी-वरीची उताराची शेते, एवढाच गावाचा पसारा. पुष्कळशा घरांतील तरुण मुंबईस गेलेले. जावळी, पाटण या भागांतील कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहत आली आहेत. ज्यांच्यासाठी 1969 साली माथाडी कायदा झाला, त्या कष्टकऱ्यांत या डोंगरांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती.

एका ओट्यावर एक वृद्ध बाई सुपात वरी पाखडीत बसली होती. तिने मुलांना पाणी दिले. पाणी पिऊन झाल्यावर आमच्यातील एका मुलाने विचारले, “आजी, तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?”

ती हसली. मग तिने सूप खाली ठेवले आणि शांत पाण्याकडे हात करून म्हणाली, “बाळा, आमचं गाव तिथं आहे, त्या पाण्याखाली. धरण भरलं, तेव्हा मी तुझ्याएवढी होते. पाणी चढत गेलं, तसे आम्ही वर सरकत आलो.”

मुले गप्प झाली. ज्या पाण्यावरून आपण आनंदाने गाणी गात आलो, ते पाणी म्हणजे कोणाची तरी शेते, अंगणे आणि विहिरी आहेत, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

त्या पाण्याची हकीकत अशी. 1954 साली कोयनेवर धरण बांधण्याच्या कामास आरंभ झाला. या 103 मीटर उंचीच्या धरणामागे जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला, त्यास छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ ‘शिवसागर’ असे नाव दिले गेले. हे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांवाटे पश्चिमेकडे नेतात. तेथे सह्याद्रीचा कडा एकदम कोसळतो. चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून येणारे ते पाणी पोफळीच्या भूगर्भातील वीजघरात प्रचंड चक्रे फिरविते आणि काम आटोपून वाशिष्ठी नदीच्या वाटेने समुद्रास मिळते. 1962 साली येथे वीज निर्माण होऊ लागली. पुढे प्रकल्पाचे टप्पे वाढत जाऊन त्याची क्षमता 1,960 मेगावॅट झाली. मुंबई-पुण्याचे कारखाने या विजेवर चालले आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत दिवे लागले.

परंतु या प्रकाशाची किंमत खोऱ्यातील माणसांनी दिली. शंभराच्या आसपास गावांना धरणाची झळ पोहोचली. पुष्कळ कुटुंबे सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. धुवाधार पावसात भात लावणारी माणसे कोरड्या माळावर शेती करू लागली. कित्येकांना जमिनीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. दोन पिढ्या उलटल्या, तरी काहींचे प्रश्न सुटले नाहीत. जी कुटुंबे खोऱ्यातच राहिली, ती पाण्याच्या वर, डोंगराच्या अंगावर वसली. पुढे 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे या भागात भीषण भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. तेही दुःख या लोकांनी सोसले.

दूरच्या अ‍ॅमेझॉन नदीवरही अशीच पाण्याकाठची गावे आहेत. पेरू देशातील इकितोस या मोठ्या शहरास बाहेरून जाणारा रस्ताच नाही. तेथे बोटीने किंवा विमानाने जावे लागते. त्या नदीच्या काठी लोक खांबांवर घरे बांधतात. पूर आला की पाणी घराखालून वाहते. प्रवाशांच्या बोटी तेथेही घटकाभर थांबतात. परंतु त्या लोकांनी नदी पाहून गाव वसविले. आमच्या या गावापाशी पाणी आपण होऊन आले. पूर्वी येथील माणसे नदीच्या उतारावरून चालत पलीकडच्या गावी जात. आता पलीकडे जायचे तर बोट हवी. कोणी आजारी पडले, तर रात्री-अपरात्री बोटीची वाट पाहावी लागते. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे जुन्या भिंती आणि देवळांचे चौथरे वर येतात. तेव्हा वृद्ध माणसे आपले घर कोठे होते, ते नातवंडांना दाखवितात.

नावाड्याने हाक दिली. निघताना त्या मुलाने खिशातून काही नाणी काढून आजीपुढे धरली. तिने ती त्याच्या मुठीत परत दाबली आणि म्हणाली, “पाण्याचे पैसे कोणी घेतं का? तू शिकून मोठा हो, आणि परत ये. वेळ काढून ये.”

परतीच्या वाटेवर कोणी गाणे म्हटले नाही. अंधार पडता पडता तापोळ्याचे दिवे लुकलुकू लागले. तो मुलगा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. मग त्याने मला हळूच विचारले, “गुरुजी, आपल्या सोयगावच्या घरातला दिवाही याच पाण्याचा असेल का?”

मी म्हणालो, “साऱ्या राज्याची वीज एका जाळ्यातून वाहते, तिच्यात या पाण्याचाही वाटा आहे.”

मुलांनो, तुम्हीही कधी तरी अशा दूरच्या गावी जाल. रान पाहाल, पाणी पाहाल; ते अवश्य पाहावे. रानातून काही तोडून आणू नये आणि तेथे कचरा टाकू नये, हे तुम्ही जाणताच. परंतु ज्या अंगणात आपण उभे राहतो, ते कोणाचे तरी घर आहे, याचाही विसर पडू देऊ नये. तेथे काय पाहण्यासारखे आहे, असे विचारण्यापूर्वी तेथे कोण राहते आणि ते कसे राहतात, हे आपुलकीने विचारावे. सायंकाळी घरात दिवा लागेल, तेव्हा शिवसागराच्या काठी वरी पाखडीत बसलेल्या त्या आजीची एकदा आठवण करावी.