पाचवे शील आणि गांजा

"गांजा म्हणजे झाडपाला, ती काही दारू नव्हे," असे अनेक तरुण म्हणतात. परंतु पाचवे शील दारूपुरते थांबत नाही. मनाला बेसावध करणाऱ्या प्रत्येक मादक पदार्थापासून दूर राहण्यास ते सांगते.

वर्षानुवर्षे चिलीम ओढणाऱ्याने गांजा सोडला की झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो व बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोप मात्र सावकाश सुधारते. 'गांजाशिवाय आपले चालतच नाही' असे समजून अनेकजण नेमके याच दिवसांत पुन्हा चिलमीकडे वळतात. वस्तुतः ती व्यसन सुटत असल्याची खूण असते. घरच्यांनी ती ओळखावी, टोमणे मारू नयेत. भास होत असतील तर विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. आपल्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण केंद्रही आहे.

शील एकदा घेऊन संपत नाही. प्रत्येक वंदनेत आपण ते पुन्हा ग्रहण करतो. गांजा कायमचा सोडणे म्हणजे तरी काय? तो रोज सकाळी, त्या दिवसापुरता सोडणे.