निऑन : हवेत लपलेला तांबडा प्रकाश

वीज-कामगाराच्या खिशातील टेस्टरच्या पारदर्शक मुठीत काचेचा एक चिमुकला दिवा असतो. टेस्टरचे टोक तारेस लावून मुठीवरील धातूच्या टोपीस बोट टेकविले आणि तारेत वीज असली, म्हणजे हा दिवा नारिंगी प्रकाशाने उजळतो व कामगार सावध होतो. हा प्रकाश निऑन वायूचा होय. निऑन जळत नाही, की तारेप्रमाणे तापून लालही होत नाही. मग तो प्रकाशतो कसा?

निऑन आपल्या भोवतालच्या हवेतच आहे. परंतु हवेच्या १० लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे १८ भाग इतकेच. शिवाय त्यास रंग, वास वा चव नाही. त्यामुळे १८९८ पर्यंत तो कोणासही ठाऊक नव्हता. त्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झे व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी अतिशीत तापमानात द्रवरूप केलेला आर्गॉन हळूहळू उकळवून प्रथम निघालेला हलका वायू गोळा केला. नळीत भरून त्यातून वीज सोडताच लालभडक प्रकाश पसरला. ग्रीक भाषेतील ‘नवा’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास निऑन हे नाव मिळाले. जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूर हे स्थान सुचविणारे रॅम्झे ते हेच.

निऑनच्या अणूत १० इलेक्ट्रॉन असतात : आतील कक्षेत २ व बाहेरील कक्षेत ८. बाहेरील कक्षा पूर्ण भरलेली असल्यामुळे हा अणू एकटाच राहतो. इतर मूलद्रव्यांशी संयोग पावत नाही. निऑन हवेहून हलका असून उणे २४६ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो.

आता प्रकाशाचे कारण पाहू. नळीत वायू विरळ ठेवलेला असतो. विजेचा दाब मिळताच तेथील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावू लागतात. वायू दाट असता, तर पावलोपावली टकरा होऊन त्यांना वेग घेता आला नसता. विरळ वायूत मात्र ते पुरेशी ऊर्जा घेऊन अणूवर आदळतात. काही अणूंतून इलेक्ट्रॉन निखळतो व त्यामुळे वीजप्रवाह चालू राहतो. इतर अणूंतील इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तेथे तो टिकत नाही. खाली उतरताना तो जादा ऊर्जा प्रकाशरूपाने टाकतो. जिन्याला अर्धी पायरी नसते, त्याप्रमाणे अणूतील पायऱ्याही ठरलेल्या असतात. म्हणून प्रकाशाचे रंगही ठरलेलेच. निऑनच्या वरच्या पायऱ्यांतील उतार मुख्यतः नारिंगी व तांबडा प्रकाश देतात. शेवटची मोठी उडी जंबुपार किरण देते. ते डोळ्यास दिसत नाहीत.

१९१० मध्ये जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात निऑनच्या लांब नळ्या उजळून दाखविल्या व पुढे दुकानांच्या पाट्या या प्रकाशाने झळकू लागल्या. निळ्या-हिरव्या पाट्यांनाही लोक ‘निऑन’च म्हणतात, परंतु त्यांत बहुधा आर्गॉन व पाऱ्याची वाफ असते. खऱ्या निऑनची ओळख तांबूस रंग हीच.

टेस्टरमधील दिव्याबरोबर मोठा विद्युत्‌रोध जोडलेला असतो. त्यामुळे बोटातून जाणारा प्रवाह अत्यल्प राहतो व झटका बसत नाही. तथापि दिवा उजळला नाही, एवढ्यावरून तार निर्धोक समजू नये. दिवा बिघडलेलाही असू शकतो. म्हणून जाणता कामगार टेस्टर आधी चालू असलेल्या विजेवर पारखून घेतो. निऑनच्या प्रकाशाचा अर्थ लावता येतो, तसा त्याच्या अंधाराचाही अर्थ जपूनच लावावा लागतो.