दुकानदार गिऱ्हाईक ओळखतो, वाचनालय वाचक कधी ओळखणार?

आपल्या समाजाची तालीम या विषयावर बैठक असो की भाषण, शेवट बहुतेक एकाच वाक्यावर होतो: "पोरं वाचत नाहीत, मोबाईलने वाट लावली." सगळे माना डोलावतात आणि घरी जातात. दोष पोरांवर टाकला की काम संपतं.

दुकानदार मात्र असं म्हणून गप्प बसत नाही. माल उठला नाही तर तो गिऱ्हाइकाला आळशी ठरवत नाही. माल कुठे मांडलाय, भाव काय लिहिलाय, गिऱ्हाईक दारातून आत का येत नाही, हे तो बघतो. माणूस कसा वागतो आणि का वागतो याचा हा अभ्यास समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी शाळा, ग्रंथालयं आणि दुकानं या तिन्ही ठिकाणी केलेला आहे. त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, ते या लेखात सोप्या भाषेत सांगायचा आमचा प्रयत्न आहे.

हा विषय आम्ही लोणखेड्याच्या निमित्ताने घेतोय, त्याला कारण आहे. शहाद्याला लागून असलेलं लोणखेडा आसपासच्या तालुक्यांना ठाऊक आहे ते पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या कॉलेजमुळे. या भागातल्या पोरांची घरची भाषा भिल्ली असते, पावरी असते, अहिराणी, गुजरी किंवा उर्दू असते. पुस्तकं मराठीत किंवा इंग्रजीत. अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्याची 82 टक्के. राज्यात सर्वात खाली आपला जिल्हा. अशा ठिकाणी वाचनालयाचं दार आणि वर्गाची रचना कशी आहे, यावर एखाद्या पोराचं पुढचं आयुष्य ठरू शकतं.

काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे

जुनं किराणा दुकान आठवा. मध्ये काउंटर, माल पलीकडे, गिऱ्हाईक अलीकडे. हवी ती वस्तू नाव घेऊन मागायची. नाव माहीत नसेल तर बोट दाखवायचं. मागे चार जण उभे असतील तर लाजेने "जाऊ द्या" म्हणून निघून जायचं.

1916 मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी "पिगली विगली" नावाचं दुकान काढलं. तिथे गिऱ्हाईक टोपली घेऊन स्वतः रॅकमधून फिरायचं, माल हातात घेऊन बघायचं आणि शेवटी पैसे द्यायचं. आज आपण ज्याला मॉल किंवा सुपरमार्केट म्हणतो, त्याची ही सुरुवात मानतात.

गंमत अशी की ही गोष्ट ग्रंथालयाने दुकानाच्या आधी केली होती. लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जेम्स डफ ब्राऊन यांनी 1894 मध्येच कपाटं वाचकांसाठी खुली केली. तेव्हा मोठा वाद झाला. पुस्तकं चोरीला जातील, जागच्या जागी राहणार नाहीत, असं विरोधक म्हणत होते. आपल्याकडे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी आहेत, हे त्यातलं पहिलं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरं, आणि त्यासाठी खुली कपाटं हवीत असं त्यांचं म्हणणं होतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला. शासनमान्य ग्रंथालयांची संख्या आज 11 ते 12 हजारांच्या घरात आहे. तरीही बऱ्याच गावांत आणि शाळांत अजून काचेची कपाटं, कपाटाला कुलूप आणि चावी सरांच्या खिशात हेच चित्र दिसतं. दुकानदाराने काउंटर काढून टाकलं, कारण त्याला विक्री हवी होती. आपण कुलूप ठेवलं, कारण आपल्याला हिशेब पूर्ण हवा होता. पुस्तक हरवलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न खरा आहे, पण पुस्तक कुणीच उघडलं नाही तर जबाबदार कोण, हे रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आळस नाही, भीती

1986 मध्ये कॉन्स्टन्स मेलन या अमेरिकन संशोधक बाईंनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पोरांनी ग्रंथालयाचा आपला पहिला अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहून द्यायचा होता. हजारो पोरांनी लिहिलं. प्रत्येक वर्गात 75 ते 85 टक्के पोरांनी भीती किंवा घाबरल्याची भावना सांगितली होती. कारणंही जवळपास सारखीच. बाकी सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. आपल्याला येत नाही ही लाजेची गोष्ट आहे. आणि विचारायला गेलो तर आपलं अज्ञान उघडं पडेल. मेलन यांनी याला "ग्रंथालयाची धास्ती" म्हटलं.

ही गोष्ट अमेरिकेतल्या पोरांची. मग धडगावच्या पाड्यावरून आलेला मुलगा किंवा उर्दू शाळेतून थेट मराठी-इंग्रजी कॉलेजात आलेली मुलगी काउंटरसमोर उभी राहते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल, याचा विचार करा. ती परत फिरली तर आपण म्हणतो, वाचायची आवड नाही.

ओळख आणि आत्मविश्वास यांचं नातं दाखवणारा एक भारतीय प्रयोगही आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. 321 मुलं उच्च जातींची, 321 तथाकथित खालच्या जातींची. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी होती. मग सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली. तेव्हा खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी साधारण पाचव्या हिश्श्याने घसरली. मुलं तीच, डोकं तेच, कोडी तीच. बदलली फक्त खोलीतली हवा.

वर्गात "हे तुमच्या लोकांना जमायचं नाही" असं हसत-हसत म्हणणाऱ्याला वाटतं, आपण गंमत केली. मुलाच्या हाताला ती गंमत जाणवते. घरात "आपल्यात कुठे कोण शिकतं" म्हणणाऱ्या आई-वडिलांनीही हे लक्षात घ्यावं.

दंड लावला की काय होतं

दंड लावला की लोक सुधारतात, असं आपल्याला वाटतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात 10 पाळणाघरांत हे तपासून बघितलं गेलं. मुलाला न्यायला आई-बाप उशिरा येत होते, म्हणून काही पाळणाघरांनी दंड सुरू केला. झालं उलटंच. उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. आधी लोकांना बाईंना ताटकळत ठेवल्याची शरम वाटत होती. आता ते पैसे भरत होते, त्यामुळे उशीर ही विकत घेतलेली सेवा झाली. पुढे दंड काढून टाकला, तरी शरम परत आली नाही. उरी निझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांचा हा अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला.

ग्रंथालयाचा दंड आणखी एक काम करतो. तो गरिबाला कायमचा बाहेर ठेवतो. पैसे नसलेला मुलगा दंड साचला की पुस्तकही आणत नाही आणि स्वतःही येत नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या ग्रंथालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये उशिराचा दंड बंद केला. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र ठेवली. त्यानंतर कित्येक दिवस अडकून पडलेली पुस्तकं मोठ्या संख्येने परत येऊ लागली आणि जुने वाचकही पुन्हा आले.

वर्गात मागे पडलेलं पोर

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. गळती का होते, याचं उत्तर पैशाच्या अडचणीत आहेच. पण दुसरं उत्तर वर्गात आहे. तिसरीच्या मुलाला पहिलीचंच वाचता येत नसेल, तर चौथीचं पुस्तक त्याच्यासाठी बंद कपाटच असतं.

मुंबई आणि वडोदऱ्यात "प्रथम" संस्थेने बालसखी कार्यक्रम चालवला. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुण मुलींनी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15 ते 20 मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून, त्यांना जिथपर्यंत येतं तिथून शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रीतसर तपासणी केली. मुलांचे गुण खरोखर वाढले आणि सर्वात मागे असलेल्यांना सर्वात जास्त फायदा झाला. याच बॅनर्जी आणि डफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत 2019 चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी केनियात दुसरी बाजू दाखवली. तिथे शाळांना फुकट पाठ्यपुस्तकं दिली, पण फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती, बाकीच्यांना ती वाचताच येत नव्हती.

आपल्याकडे वह्या-पुस्तक वाटपाचे कार्यक्रम दरवर्षी होतात. चांगलंच आहे. पण वाटलेलं पुस्तक मुलाला वाचता येतंय का, हे किती ठिकाणी विचारलं जातं?

दुकानाकडून काय घ्यायचं, कशापासून जपायचं

दुकानाची विद्या दुधारी आहे. "बाटाची किंमत" आपल्याला माहीत आहे, 99 रुपये 95 पैसे. अमेरिकेत एका कॅटलॉग कंपनीसोबत केलेल्या प्रयोगात तोच बायकांचा ड्रेस 34, 39 आणि 44 डॉलरला ठेवला. सर्वात जास्त खपला तो 39 ला, म्हणजे 34 पेक्षाही जास्त. आकडा 9 वर संपला की माणसाला स्वस्त वाटतं. ईदच्या खरेदीला जाताना एवढं ध्यानात ठेवलं तरी चार पैसे वाचतील.

दुसरा प्रसिद्ध प्रयोग शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा, 2000 सालचा. दुकानात 24 प्रकारचे जॅम मांडले तेव्हा गर्दी जास्त जमली, पण त्यातल्या फक्त 3 टक्के लोकांनी विकत घेतला. 6 प्रकार मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी घेतला. म्हणून जास्त पर्याय म्हणजे जास्त गोंधळ, असं जगभर सांगितलं गेलं. पण 2010 मध्ये अशा 50 प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. म्हणजे कुठे लागू पडतं, कुठे नाही.

याहून मोठा धडा ब्रायन वॅनसिंक यांचा. कॉर्नेल विद्यापीठाचे हे प्राध्यापक शाळेच्या जेवणात फळं कुठे ठेवावीत, ताट केवढं असावं, यावर सल्ले द्यायचे. त्यांच्या आकड्यांत गडबडी निघाल्या, 2018 मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिक-समूहाने त्यांचे सहा लेख एकाच वेळी मागे घेतले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. व्हॉट्सॲपवर "संशोधनातून सिद्ध झालंय" असं आलं की पुढे ढकलण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. किती लोकांवर तपासलं? दुसऱ्या कुणी पुन्हा करून बघितलं का?

आपण काय करू शकतो

यासाठी मोठी इमारत लागत नाही. 1910 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं, आणि त्यानंतर संस्थानातल्या खेड्यापाड्यांत पेट्यांतून फिरती वाचनालयं गेली. त्या संस्थानाची हद्द आपल्या शेजारच्या सोनगड-व्यारापर्यंत होती. म्हणजे हा विचार आपल्या दाराशी येऊन शंभर वर्षं उलटली.

लोणखेडा-शहाद्यात किंवा कुठल्याही मोहल्ल्यात चार जण एकत्र आले तरी पुढच्या गोष्टी होऊ शकतात:

- पुस्तकं कुलपात ठेवू नका. निदान एक रॅक खुला ठेवा, लहान मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.
- पुस्तकाच्या पाठीवर नाव उर्दू आणि मराठी दोन्ही लिपींत लिहा.
- मुलाला एकट्याने पाठवू नका. पहिल्यांदा सगळा वर्ग किंवा मित्र-मैत्रिणींचा गट घेऊन जा. काउंटरवरच्या माणसाने आधी बोलायचं, मुलाने विचारायची वाट बघायची नाही.
- मुलींच्या सोयीची वेळ मुलींनाच विचारून ठरवा.
- उशिराचा दंड ठेवू नका. पुस्तक राहिलं तर घरी निरोप पाठवा.
- महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाकडून सोपा उतारा वाचून घ्या. "प्रथम"च्या "असर" सर्वेक्षणात 2005 पासून हेच करतात: अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. मूल जिथे अडतं, तिथून शिकवायला सुरुवात करा.

आणि सर्वात महत्त्वाचं, मोजा. बदल करण्याआधी एक महिना रोज किती जण आले, किती पुस्तकं गेली, त्यात मुली किती, हे साध्या वहीत लिहा. मग एका वेळी एकच बदल करा आणि पुढचे दोन महिने लिहा. आकडा वाढला तर बदल ठेवा, नाही वाढला तर दुसरा करून बघा. दुकानदार रोज रात्री गल्ला मोजतो, तो याचसाठी.

ज्या मोहल्ल्यात, शाळेत किंवा मदरशात कुणी असा प्रयत्न करेल, त्यांनी आपले आकडे आम्हाला जरूर कळवावेत. वाढलेले असोत की घटलेले, दोन्ही छापायला आम्ही तयार आहोत. "पोरं वाचत नाहीत" हे वाक्य त्यानंतरही खरं वाटलं, तर निदान ते मोजून म्हटलेलं असेल.