सूर्याच्या तराजूतला पासंग

जुन्या पुस्तकांत पृथ्वीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेचा आकडा दर चौरस मीटरला १३६६-६७ वॅट असा सापडतो, नव्यांत १३६१. तेवढ्यावरून सूर्य थंडावत चालला, असं म्हणणारे भेटतात. सूर्य आहे तसाच आहे. पासंग तराजूत होता.

अवकाशात गेलं की मोजमाप आपोआप अचूक होतं, हा यातला मूळ गैरसमज. हवेचा अडथळा टळतो हे खरं, पण उपकरणाचे दोष त्याच्याबरोबर वर जातात. १९७८च्या निंबस-७ उपग्रहाने सुमारे १३७१ वॅट दाखवले, १९८४च्या ईआरबीएसने १३६५. २००३मध्ये नासाच्या सॉर्स उपग्रहावरचं 'टिम' हे उपकरण १३६१ सांगू लागलं आणि नेमकं चुकतंय कोण, हा वाद काही वर्षं चालला.

उत्तर एका भोकात निघालं. ही उपकरणं म्हणजे आतून काळी केलेली पोकळी, विजेने एकाच तापमानावर राखलेली. झडप उघडून ऊन आत आलं की वीज तेवढी कमी करावी लागते. वाचलेली वीज म्हणजे उन्हाची शक्ती. मात्र किती ऊन आत घ्यायचं, हे मापाच्या भोकावर ठरतं. जुन्या उपकरणांत हे भोक आत, पोकळीजवळ होतं आणि पुढचं तोंड मोठं. तिथून शिरलेला जादा प्रकाश कडांवर विखरून पोकळीत झिरपायचा. टिममध्ये मापाचं भोक सगळ्यांत पुढे, म्हणजे आगंतुक दारातच अडतो. अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत जुन्या उपकरणांचे जमिनीवरचे जोडीदार निर्वातात तपासले, तेव्हा हा झिरपा उघड झाला. ग्रेग कॉप आणि जुडिथ लीन या शास्त्रज्ञांनी २०११मध्ये आकडा मांडला: १३६०.८, अर्धा वॅट इकडेतिकडे.

मग आधीच्या नोंदी रद्दीत? मुळीच नाही. पासंग असलेल्या तराजूवर पोत्याचं वजन चुकेल, पण कालच्यापेक्षा आज किती घटलं ते बरोबर कळेल. अकरा वर्षांच्या सौरचक्रातला जेमतेम ०.१ टक्क्याचा चढउतार जुन्या उपकरणांनीही टिपला. पृथ्वी तापण्याचं खापर सूर्यावर फोडावं, अशी वाढ या नोंदींत दिसत नाही. (या आकड्याचं 'सौर स्थिरांक' हे नावही फसवंच. तो सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा. प्रत्यक्षात जानेवारीत सुमारे १४०८ वॅट मिळतात, जुलैत १३१७.)

खरी पंचाईत पासंगच बदलत गेला तर. अतिनील किरणांनी काळा थर हळूहळू बदलतो. म्हणून टिममध्ये चार पोकळ्या: एक रोजच्या कामाची, बाकीच्या क्वचित उघडून तिची झडती घेणाऱ्या. शिवाय दोघांचे पासंग ताडता यावेत म्हणून जुना उपग्रह थांबण्याआधी नवा वर हवा. २०११च्या मार्चमध्ये रॉकेटचं टोपण न सुटल्याने ग्लोरी उपग्रह बुडाला आणि थकलेल्या बॅटरीच्या सॉर्सला आणखी राबावं लागलं. २०१८पासून अंतराळ स्थानकावर टीएसआयएस-१ हे उपकरण मोजू लागलं. दोन वर्षं दोन्ही तराजू एकाच वेळी चालले, आणि मगच २५ फेब्रुवारी २०२० रोजी सॉर्स बंद केला.