लॅबचं पिल्लू घरी आणण्याआधी

मी चोरखमाऱ्याहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक. दर वेळी मी वही, व्याज नाहीतर शेळीपालनावर बोलते. आज कुत्र्यावर बोलणार आहे. त्याला कारणही गटाचंच आहे.

मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या एका ताईने अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कर्ज कशासाठी, तर कुत्र्याच्या पिल्लासाठी. तिला कोणीतरी लॅब क्रॉसची मादी चार हजारात देणार होता. वर्षभरात पिल्लं होतील, ती विकून पैसे फेडीन, असा तिचा हिशोब. बाकीच्या खूप हसल्या. मला काही हसू आलं नाही, कारण असलंच एक ध्यान तीन वर्षांपासून माझ्या घरी आहे.

आमचा भुऱ्या माझ्या दिराने आणला. विकणारा म्हणाला होता, एकदम प्युअर लॅब आहे. सहा महिन्यांनी पाय लांब निघाले, एक कान उभा झाला, शेपूट वर वळली. आई लॅब्रेडॉर असावी, बाप गल्लीतला. आम्ही फसलो, पण कुत्र्यात खोट नव्हती, खोट सांगण्यात होती.

संकर म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. संकरित धानाचं बी घरी राखून पुढच्या साली पेरलं तर बांधीत एक रोप उंच, एक बुटकं, एक आधी निसवतं, एक मागून. पिल्लांचं तसंच असतं. एकाच वेताची पाच पिल्लं पाच तऱ्हांची निघतात. कोणाला आईचे दाट केस, कोणाला बापाचा भुंकरा स्वभाव. म्हणून लॅब क्रॉस म्हणजे असंच होईल, असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जमलं तर पिल्लाची आई बघून या. ती माणसांत कशी वागते, तिची तब्येत कशी आहे, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून आणू नका.

संकर म्हणजे हलका माल, असंही नाही. गोल्डन रिट्रीव्हर म्हणून जी सोनेरी केसांची जात आज मिरवते, तीच मुळात संकरातून आली. स्कॉटलंडमधल्या लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या जमीनदाराने पिवळ्या रंगाचा एक शिकारी कुत्रा आणि पाण्यात पोहणारी दुसऱ्या जातीची कुत्री यांची जोडी लावली, आणि १८६८ साली त्यांची पिल्लं झाली. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडाकडच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांचे कुत्रे. या सगळ्यांचं काम एकच, पाण्यात पडलेली वस्तू किंवा मारलेलं बदक तोंडात अलगद धरून मालकापाशी आणून देणं.

हे काम त्यांच्या रक्तात आहे, ते तुमच्या घरी येऊनही थांबत नाही. भुऱ्याने पहिल्या वर्षी चपला आणल्या, शेजारणीचा खराटा आणला. एकदा कोंबडीचं पिल्लू तोंडात धरून माझ्यापुढे ठेवलं. ओलं चिंब, घाबरलेलं, पण दात एक लागला नव्हता. कोंबडी मात्र आठ दिवस त्याच्या मागे लागली होती. तलाव दिसला की तो दोर तोडून धावतो. हिवाळ्यात आपल्या तलावावर पाखरं उतरतात, तेव्हा त्याला मोकळा सोडायचा नाही. दात येतात त्या दिवसांत, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, ही पिल्लं दिसेल ते चावतात. जुनं सुती फडकं ओलं करून गाठ मारून द्या, खाट वाचेल.

घराची राखण होईल म्हणून आणत असाल तर आधीच सांगते, लॅबच्या अंगात राखण कमी. चोर आला तर त्याचीही चप्पल उचलून आणेल. गावठी बापाचा अंश जास्त उतरला तर भुंकेल, नाहीतर नाही. राखणीला आपला गावठी कुत्रा केव्हाही सरस, आणि तो आपल्या उन्हालाही सरावलेला.

आता भूक. लॅबची भूक भागत नाही, हे माझंच म्हणणं नाही. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना दिसलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पोट भरल्याचं कळवणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच नसतो. त्यामुळे तो केविलवाणा बघतो म्हणून वाढत बसू नका, वजन वाढून सांधे जातात. पिल्लू असताना दिवसातून तीन-चार वेळा थोडंथोडं, मोठा झाल्यावर दोनदा. आम्ही कणीचा भात, डाळ, अंडं, कधी बिनहाडाचं चिकन देतो, तिखटमीठ घालायच्या आधी काढून. कांदा-लसूण त्याला विषासारखं, म्हणून कालची भाजी त्याच्या ताटलीत ओतायची नाही. द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. फवारणीचं औषध आणि उंदराचं औषध उंचावर ठेवा, हा प्राणी सगळं तोंडात घेतो.

मोठा झाला की पंचवीस-तीस किलो भरतो आणि दहा-बारा वर्षं जगतो. पिल्लाची किंमत एकदाच द्यायची असते, खाणं रोजचं. आणि हे रोजचं कोण करणार? आणताना दीर, पोरं, सगळे पुढे. ताटली घासायची, अंगणातली घाण उचलायची, वाळत घातलेल्या धानातले केस वेचायचे, तेव्हा घरची बाईच. आमच्याकडे मी सरळ वाटणी केली. सकाळचा फेरा दिराचा, गोचिड्या बघणं पोरांचं. नाही केलं तर मीही करत नाही, असं दोन दिवस बसले, तेव्हा जमलं.

आपला उन्हाळा त्यांना सोसत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ऊन चढायच्या आधी आणि दिवस मावळल्यावरच बाहेर न्या. टिनाखाली बांधू नका. झाडाच्या सावलीत, ओल्या मातीवर, पाण्याचं भांडं जवळ. केस दाट आहेत म्हणून भादरू नका, तेच केस उन्हापासून वाचवतात. फार लाळ गळते, झोकांड्या जातात असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.

लशीचं मात्र जरा थांबून ऐका. भुऱ्या अडीच महिन्यांचा असताना खेळताखेळता माझ्या पुतणीच्या हाताला त्याचा दात लागला. थेंबभर रक्त. घरातल्या मोठ्यांनी त्यावर मिरची लावली. घरचंच पिल्लू आहे, काय होतं, असं म्हणत दिवस गेला. मला संध्याकाळी कळलं. रात्रभर झोप नाही, कारण त्याची रेबीजची लस व्हायची होती आणि तो बाहेरच्या कुत्र्यांत खेळत होता. सकाळी पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं पूर्ण केली. ती ठीक आहे. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि कुत्रा गोंडस दिसतो म्हणून रेबीज टळत नाही. दात लागला की मिरची नाही, हळद नाही, चुना नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. पहिलं इंजेक्शन घेऊन थांबायचं नाही, डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखा पाळायच्या. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, मग दरवर्षी. त्याआधी सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लशी, जंताचं औषधही.

डिस्टेंपर आपल्या भागात फक्त कुत्र्याचा प्रश्न नाही. आपण नागझिऱ्याच्या काठावर राहतो. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये सिंह मेले, त्यांतल्या काहींच्या अंगात हाच विषाणू सापडला. आपल्या जंगलात वाघ, बिबट, रानकुत्रे आहेत. म्हणून कुत्र्याला जंगलात मोकळा सोडायचा नाही. मोहफुलं वेचायला जाताना कुत्रा सोबत असला की धीर वाटतो, हे मी जाणते. पण तो अस्वलावर भुंकेल आणि मग घाबरून तुमच्याकडेच पळत येईल, मागे अस्वल घेऊन. रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला बोलावणं. भुऱ्या कोठ्यात, दार लावून झोपतो.

आता त्या अर्जाचं. गटाने कर्ज दिलं नाही, आणि माझंही तेच मत होतं. कुत्री त्रेसष्ट दिवसांनी विते, सहा-आठ पिल्लं होतात, त्यांना लशी, खाणं. संकर पिल्लांना कागद नाहीत, भाव नाही. उरलेल्या माद्या शेवटी कोणीतरी पोत्यात घालून रस्त्यावर सोडतो. त्यातून हप्ता फिटत नाही.

बैठक संपल्यावर ती ताई मागे थांबली. म्हणाली, विकायचं मी अर्जापुरतं लिहिलं. तिची मुलगी नर्सिंग शिकायला गेलीय आणि घरात बोलायला कोणी नाही. असं असेल तर ते कर्जाचं काम नव्हे, पण कामाचंच आहे. मी तिला हे सगळं सांगितलं, उन्हाचं, भुकेचं, बिबट्याचं. पंधरा दिवसांनी तिने आपल्या बचतीतून पिल्लू आणलं, मादीच, आणि मोठी झाली की नसबंदी करायची हेही ठरवलं. आई बघून आली होती. पहिली लस झाली आहे. रेबीजच्या लशीची तारीख तिने गटाच्या पासबुकावर मागे लिहून घेतली आणि मला म्हणाली, ताई, त्या दिवशी बैठक ठेवू नका.